कळा सुरू होण्याआधी ठरवा: बाळंतपणातल्या वेदनांवरचे उपाय आणि प्रत्येकाला लागणारा वेळ

बाळंतपणातल्या वेदना कमी करायला उपाय बरेच आहेत, पण मागितल्या क्षणी लागू पडणारे त्यातले थोडेच. कंबरेवर दाबून धरलेल्या हाताचा आराम लगेच मिळतो. नाकातोंडावाटे घ्यायच्या गॅसला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. पेथिडिन या गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन वीस मिनिटं घेतं. एपिड्युरलचं, म्हणजे पाठीत घातलेल्या बारीक नळीतून द्यायच्या भुलीचं, सांगायचं तर भूलतज्ज्ञ दाराशी उभा असला तरी सगळी तयारी धरून अर्धा ते पाऊण तास जातो, आणि तो दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकला असेल तर त्याहून जास्त. बहुतेक जणी मात्र कळ सहन होईनाशी झाली की मगच मागतात. उपाय फसला असं जे ऐकू येतं, त्यात पुष्कळदा तो उशिरा मागितला गेलेला असतो. म्हणून पुढे प्रत्येक उपायाबरोबर तो केव्हा मागायचा आणि किती वेळ टिकतो, हेही दिलं आहे.

दुखतं कुठे, आणि जागा का बदलते

पहिल्या टप्प्यात गर्भपिशवी आकुंचन पावते आणि तिचं तोंड ताणलं जाऊन उघडतं. ही वेदना पोटाच्या आतल्या अवयवांची असते, त्यामुळे ती बोट ठेवून दाखवता येत नाही. ओटीपोट, कंबर, कधी मांड्या, सगळीकडे पसरून दुखतं. तिचे संदेश पाठीच्या कण्यात छातीच्या खालच्या मणक्यांपासून कंबरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या नसांमधून शिरतात. दुसऱ्या टप्प्यात बाळाचं डोकं खाली उतरून योनिमार्ग आणि त्याभोवतीची त्वचा ताणतं. ही वेदना धारदार आणि नेमक्या जागेची असते, आणि ती माकडहाडाजवळच्या नसांमधून जाते.

नसा वेगळ्या असल्यामुळेच एका टप्प्यात उत्तम चाललेला उपाय दुसऱ्यात अपुरा पडतो. बाळ बाहेर येताना खालच्या भागात दिलेली भूल पोटातल्या कळेला हात लावत नाही, आणि दुपारपर्यंत छान चाललेल्या एपिड्युरलमधूनही शेवटी खाली दाब जाणवू लागतो. त्यात काही बिघडलेलं नसतं.

बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान विचारून घ्यायच्या गोष्टी

ज्या दवाखान्यात बाळंतपण होणार आहे तिथे “वेदना कमी करायची सोय आहे का?” असं मोघम विचारलं की “हो” असं मोघम उत्तर मिळतं. नेमकं विचारा. भूलतज्ज्ञ चोवीस तास दवाखान्यात असतात की फोन करून बोलवावे लागतात? बोलवावे लागत असतील तर रात्री दोन वाजता यायला किती वेळ लागतो? गॅसची सोय लेबर रूममध्ये आहे का? इंजेक्शन कोणतं देतात? सोबतच्या माणसाला पूर्ण वेळ आत थांबू देतात का?

हा शेवटचा प्रश्न मामुली समजू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस शेजारी असेल तर औषधांची गरज कमी पडते, बाळंतपण थोडं लवकर होतं आणि आपोआप होण्याची शक्यता वाढते, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आई, बहीण, नवरा किंवा अनुभवी मैत्रीण, कोणीही चालेल. ते माणूस घाबरणारं नसावं आणि मध्येच निघून जाणारं नसावं.

पुढचं यापैकी काही तुम्हाला लागू असेल तर कळा सुरू होण्याआधीच भूलतज्ज्ञांची भेट घ्या: रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असणं, प्लेटलेट कमी असणं, पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेलं असणं किंवा कणा वाकडा असणं, हृदयाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार, वजन खूप जास्त असणं, किंवा घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला असणं. रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनच्या लहान डोसानंतर एपिड्युरलसाठी १२ तास आणि मोठ्या डोसानंतर २४ तास थांबावं लागतं. म्हणून कळा सुरू झाल्यासारखं वाटलं की पुढचं इंजेक्शन घेण्याआधी दवाखान्यात फोन करा. बीपी वाढू नये म्हणून दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी मात्र एपिड्युरलच्या आड येत नाही. प्लेटलेट ७० हजारांच्या खाली गेल्या असतील तर बहुतेक भूलतज्ज्ञ मणक्यात सुई घालायचं टाळतात.

घरी असताना

पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ सगळ्यात लांबतो, पहिलटकरणीला तर जास्तच. या काळात सगळी ताकद खर्च करून टाकणं ही फार होणारी चूक. दोन कळांच्या मधे झोप येत असेल तर झोपा. जागेपणी उभं राहा, चाला, भिंतीला किंवा पलंगाच्या कडेला हात टेकून पुढे वाका, कंबर गोल फिरवा. पहिल्या टप्प्यात उताणं पडून राहण्यापेक्षा उभं किंवा बसतं राहिलं तर तो टप्पा सरासरी तासभर लवकर आटोपतो. उताणं झोपल्यावर पिशवीचं ओझं पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं, बीपी उतरतं आणि कळ जास्त बोचते. पडायचंच असेल तर डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन.

श्वासाचं तंत्र सोपं आहे, फक्त ते आधीपासून सवयीचं असायला हवं. कळ सुरू होताना एक मोठा श्वास सोडा. मग नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा श्वास लांब हवा, सगळा भर त्यावरच आहे. जबडा आणि खांदे सैल आहेत का, हे सोबतच्या माणसाने बघावं. बोटांना आणि ओठांना मुंग्या येऊ लागल्या, चक्कर आली, तर श्वास फार भरभर चालला आहे आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला आहे असं समजा. दोन-तीन श्वास मुद्दाम हळू सोडले की हे थांबतं.

या टप्प्यात पॅरासिटामॉल घेता येतं. ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन पन्नास किलोच्या आत असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक मात्र बाळ पोटात असेपर्यंत घेऊ नका. जन्माआधी उघडी राहायला हवी अशी बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी या औषधांमुळे अकाली आवळली जाऊ शकते, आणि बाळाच्या मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. घरात उरलेली अंगदुखीची गोळी घेण्याआधी तिच्या पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा.

पहिल्या बाळंतपणात कळ दर पाच मिनिटांनी येते, मिनिटभर टिकते आणि असं तासभर चाललं आहे, म्हणजे निघायची वेळ झाली. दुसरं बाळंतपण असेल, दवाखाना लांब असेल किंवा एपिड्युरल हवाच असं ठरलेलं असेल तर त्याआधी निघा.

हात आणि पाणी

कंबर फुटल्यासारखी दुखते तेव्हा कधी कधी बाळाचं डोकं पाठीच्या बाजूला तोंड करण्याऐवजी पोटाच्या बाजूला तोंड करून असतं आणि डोक्याची मागची बाजू आईच्या माकडहाडावर रुतते. इथे गोळीपेक्षा हात उपयोगी पडतो. बाई पुढे वाकलेली किंवा हातागुडघ्यांवर असू दे. सोबतच्या माणसाने तळहाताचा मनगटाकडचा भाग दोन नितंबांमधल्या फटीच्या जरा वर, सपाट हाडावर टेकवावा, कोपर सरळ ठेवावा आणि हाताने न रेटता अंगाचा भार टाकावा. कळ चढताना दाब वाढवायचा, उतरताना सोडायचा. चोळायचं नाही, नाहीतर तासाभरात कातडी सोलवटते. जागा दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो, म्हणून “वर”, “खाली”, “अजून जोरात” हे बाईने सांगायला हवं. दुसरी रीत: दोन्ही तळहात नितंबांच्या बाहेरच्या बाजूला, बोटं कण्याकडे, आणि दोन्हीकडून आत व किंचित वर दाबायचं. दाबणारा माणूस अर्ध्या तासात थकतो, तेव्हा आळीपाळीने करायला दोघं असतील तर बरं.

कोमट पाण्याचा शॉवर कधीही चालतो. टबात बसायचं असेल तर पाणी छातीपर्यंत यावं आणि ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, कारण आईचं अंग तापलं की बाळाचंही तापतं आणि त्याच्या ठोक्यांचा वेग वाढतो. टबात फार लवकर बसलं तर कळा मंदावू शकतात, त्यामुळे पाच सेंटिमीटरनंतर बसणं चांगलं. गुंगीचं इंजेक्शन घेतल्यावर निदान दोन तास टबात उतरू नये, आणि अंगात गुंगी असेल तर त्यानंतरही नाही. शेकाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा, आणि एपिड्युरल घेतल्यावर बधिर भागावर ती अजिबात नको. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड येऊन जातात.

टेन्स नावाचं छोटं यंत्र पाठीला चिकटवलेल्या चार पट्ट्यांमधून विजेच्या बारीक झिणझिण्या देतं. वरच्या दोन पट्ट्या छातीच्या खालच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना आणि खालच्या दोन कंबरेच्या खळग्यांजवळ. घरातल्या सुरुवातीच्या कळांसाठी काही जणींना बरं वाटतं, पण कळा जोरात सुरू झाल्यावर त्याचा भरवसा धरू नका. पाण्यात जाताना काढून ठेवायचं आणि पेसमेकर असेल तर वापरायचं नाही.

कंबरदुखीसाठी आणखी एक साधा उपाय आहे, त्याची माहिती फार कमी जणींना असते. कंबरेच्या खळग्यांभोवती चार ठिकाणी कातडीत ०.१ मिली निर्जंतुक पाणी टोचतात. नुसतं पाणी, औषध कोणतंच नाही. टोचताना वीस-तीस सेकंद मधमाशी चावल्यासारखी आग होते, म्हणून दोघांनी एकाच वेळी टोचून कळेच्या भरातच उरकून घेतात. त्यानंतर दीड-दोन तास कंबर हलकी होते. बाळावर परिणाम नाही, फिरायला आडकाठी नाही, आणि पुन्हा घेता येतं. पोटातली कळ मात्र तशीच राहते.

गॅस

निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असं हे मिश्रण असतं. मास्क किंवा तोंडात धरायची नळी असते, आणि तुम्ही श्वास ओढला तरच झडप उघडून गॅस येतो. वेदना पूर्ण जायला हवी असेल तर तो पुरेसा नाही, पण कळेची धार बोथट करतो, मन जरा बाजूला नेतो, आणि नको झाला तर काही मिनिटांत अंगातून निघून जातो. बाळावर गुंगी राहत नाही.

सगळं गणित वेळेचं आहे. गॅसचा जोर पूर्ण चढायला पाऊण मिनिट लागतं आणि कळ तीस सेकंदांत टोकाला पोचते. दुखायला लागल्यावर मास्क उचलला तर आराम कळ ओसरल्यावर मिळतो, आणि मग “याचा काही उपयोग नाही” असं म्हणून तो बाजूला पडतो. पिशवी दुखण्याच्या थोडं आधीच घट्ट होऊ लागते. सोबतच्या माणसाने पोटावर हलका तळहात ठेवून घट्टपणा जाणवताच “घ्या” म्हणावं. मग मास्क चेहऱ्याला नीट बसवून खोल, संथ श्वास घ्यायचे, सोडतानाही मास्कमध्येच सोडायचे. कळ टोकावरून उतरायला लागली की मास्क खाली. दोन कळांच्या मधे साधी हवा.

मास्क बाईनेच धरायचा. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो आणि गॅस थांबतो, ही त्यातली सुरक्षेची सोय आहे. प्रेमापोटी दुसऱ्याने मास्क दाबून धरला की ती सोयच नाहीशी होते. मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड हे त्रास होतात, घोट-घोट पाणी पीत राहा. बी-१२ ची मोठी कमतरता असेल, फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल, किंवा अलीकडे डोळ्यात गॅस भरण्याचं ऑपरेशन झालं असेल तर गॅस घेऊ नये.

इंजेक्शनं

पेथिडिन ५० ते १०० मिलिग्रॅम स्नायूत देतात, सोबत बहुधा उलटीचं औषध. वीस मिनिटांत असर, दोन ते चार तास टिकतो. वेदना पुसली जात नाही, पण तिच्याकडे बघण्याची भीती कमी होते आणि दोन कळांच्या मधे डुलकी लागते. रात्रभर जागलेल्या आणि तोंड अजून तीन-चार सेंटिमीटरवरच असलेल्या बाईसाठी हे कामाचं आहे.

अडचण बाळाकडून येते. औषध वारेतून बाळात जातं, आणि इंजेक्शननंतर दोन-तीन तासांनी जन्म झाला तर बाळ मलूल असण्याची, पहिला श्वास उशिरा घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून सुई टोचण्याआधी आतून तपासणी करून घ्या आणि विचारा, “अजून किती वेळ लागेल असं वाटतं?” बाळ लवकरच येणार असेल तर हे इंजेक्शन टाळून गॅसवर भागवणं बरं. श्वासाला मदत करणारी पिशवी-मास्क आणि उलट परिणाम करणारं नालोक्सोन खोलीत हाताशी असायला हवं. पेथिडिनचा एक अंश बाळाच्या अंगात दोन-तीन दिवस रेंगाळतो, त्यामुळे पहिल्या दिवशी बाळ अंगावर ओढायला आळस करतं. अशा बाळाला उघड्या छातीवर जास्त वेळ ठेवा आणि रडायची वाट न बघता पाजायला घ्या.

बऱ्याच ठिकाणी ट्रॅमाडॉल देतात. त्याने वेदना कमी प्रमाणात जाते आणि मळमळ होते. रेमिफेंटॅनिलचा पंप काही मोठ्या दवाखान्यांत असतो: बटण दाबलं की शिरेतून छोटा डोस, असर मिनिटभरात. पण श्वास मंदावण्याचा धोका खरा आहे, म्हणून सोबत एक सिस्टर कायम नजर ठेवून बसलेली असेल आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असेल तरच तो घ्यावा.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. “तोंड लवकर उघडायचं इंजेक्शन” म्हणून ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसीन देतात. ही वेदनेची औषधं नव्हेत. ते घेऊनही दुखतंय म्हणजे आपणच कमकुवत, असं मनात आणू नका.

एपिड्युरल

वेदना सगळ्यात जास्त कमी करणारा उपाय हाच. तो पिशवीचं तोंड ठरावीक उघडल्याशिवाय देता येत नाही, हा समज जुना आहे. कळा नियमित सुरू झाल्या असतील आणि तुम्हाला हवा असेल तर थांबायचं कारण नाही. उशिरा म्हणाल तर, काही मिनिटं न हलता बसता येत असेल तोवर तो देता येतो. बाळ दिसायलाच लागलं असेल तर मात्र औषध चढेपर्यंत जन्म होऊन जाईल. कळा सुरू करायची किंवा वाढवायची सलाईन लागणार असेल, तर त्या कळा भरभर आणि जोरात येतात. अशा वेळी एपिड्युरलची नळी आधीच घालून घेणं शहाणपणाचं.

क्रम असा असतो. शिरेत सुई, बीपीचा पट्टा, बाळाच्या ठोक्यांची नोंद. मग पलंगाच्या कडेला बसवतात, पाय स्टुलावर, पोटाशी उशी, हनुवटी छातीशी, खांदे सैल, आणि पाठ रागावलेल्या मांजरासारखी बाहेर. पाठ जितकी गोल तितकी मणक्यांमधली फट मोठी. नुसतं पुढे झुकलं तर पाठ सरळच राहते, म्हणून कंबर मागे ढकला. पाठीवर गार जंतुनाशक, मग कातडी बधिर करणारं छोटं इंजेक्शन. ते चुरचुरतं, पुढे फक्त दाब जाणवतो. कंबरेच्या मणक्यांमधून सुई एपिड्युरल पोकळीत पोचते, तिच्यातून केसासारखी बारीक नळी सरकवतात, तीन ते पाच सेंटिमीटर आत ठेवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती मऊ नळी. नळी सरकताना पायात किंवा नितंबात एकदा करंट लागल्यासारखं झालं तर हलू नका, “उजवीकडे” किंवा “डावीकडे” एवढंच तोंडाने सांगा. आणि कळ येते आहे असं वाटताच आधी बोला. भूलतज्ज्ञ हात थांबवतात.

आधी चाचणीपुरता छोटा डोस देतात. त्यानंतर ओठ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कानात आवाज, किंवा पाय एकदम जड पडणं यातलं काहीही जाणवलं तर लगेच सांगायचं. औषध रक्तवाहिनीत किंवा जास्त खोल गेल्याच्या या खुणा आहेत. मग मुख्य डोस: ०.१ टक्के किंवा त्याहून पातळ ब्युपिव्हॅकेन, त्यात प्रत्येक मिलीमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, असं १० ते १५ मिली. पहिल्या दोन-तीन कळा आखूड वाटतात, पंधरा-वीस मिनिटांत टोक जातं. या वेळात बीपी दर पाच मिनिटांनी मोजायला हवं. ते उतरलं तर मळमळ आणि गरगर होते. कुशीवर वळवणं, सलाईन आणि बीपी वाढवणारं औषध यांनी ते सावरतं.

आठातल्या एकीला एपिड्युरल हवा तितका लागू पडत नाही. हे आधी माहीत असलं तर घाबरगुंडी होत नाही. एकाच बाजूला दुखत असेल तर त्या बाजूच्या कुशीवर वळा आणि वाढीव डोस मागा. अर्ध्या तासात फरक नसेल तर नळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मागे ओढून बघतात. तरीही नाही तर नळी नव्याने घालणं योग्य, आणि ते मागण्यात संकोच नको. मांडीच्या सांध्यापाशी एकच ठिपका दुखत राहिला तरी तोच क्रम. लघवीची पिशवी भरलेली असली तरी ओटीपोटात तीच जागा दुखते, म्हणून आधी ती रिकामी झाली आहे का ते बघा. एपिड्युरलमध्ये लघवीची जाणीव जाते, त्यामुळे दर काही तासांनी नळीने काढावी लागते.

पंप असेल तर तो ठरावीक वेळाने डोस देतो आणि मधे लागला तर तुमच्या हातात बटण असतं. कितीही वेळा दाबलं तरी ठरलेल्या वेळेआधी दुसरा डोस जात नाही, म्हणून बिनधास्त दाबा, मात्र दाबायचं तुम्हीच. पाय थोडे जड होतील, उचलता येणारच नाहीत इतके नकोत. तसं झालं तर सांगा. दर तासा-अर्ध्या तासाने कूस बदला.

जोर लावायच्या वेळी “आता औषध बंद करू” असं कुणी सुचवलं तर त्याचं कारण विचारा. बंद केल्याने बाळाला ओढून काढायचा चिमटा किंवा व्हॅक्यूम टळतो असं दिसलेलं नाही, वेदना मात्र एकदम अंगावर येते. दुसरा टप्पा एपिड्युरलने लांबतो, हे खरं. जुन्या, दाट औषधांनी चिमट्याचं प्रमाण वाढत होतं, आताच्या पातळ डोसांनी तसं आढळत नाही. सीझरचं प्रमाण एपिड्युरलने वाढत नाही. आणि वर्षानुवर्षं कंबर दुखण्याचं खापर या सुईवर फोडलं जातं, तेही चूक आहे. टोचल्या जागी चार दिवस ठणकतं, तेवढंच. लांबलेली कंबरदुखी गरोदरपणातून आणि बाळ उचलण्या-पाजण्याच्या बसण्यातून येते.

खरे तोटे सांगायचे तर: साधारण १०० मध्ये एकीला तीव्र डोकेदुखी, १,००० मध्ये एकीला काही दिवस-आठवडे टिकणारा बधिर ठिपका किंवा पायाचा अशक्तपणा, आणि कायमची नसेची इजा १३,००० मध्ये एकीला. खाज आणि थंडी वाजणं तर नेहमीचंच. एपिड्युरल बरेच तास चालला तर काही जणींना ताप येतो, आणि मग जंतुसंसर्गाची शंका घेऊन जास्तीच्या तपासण्या होतात.

अगदी शेवटी, आणि ऑपरेशन लागलं तर

डोकं बाहेर पडताना त्वचेवर कोमट, ओलं कापड दाबून धरलं तर जळजळ कमी होते आणि खोलवर फाटण्याचं प्रमाणही घटतं. सिस्टरने “आता जोर नको” म्हटलं की तोंड उघडून छोटे-छोटे श्वास सोडा.

योनीच्या तोंडाशी छेद घ्यायचा किंवा टाके घालायचे तर जागा बधिर करणारं १ टक्का लिग्नोकेन, एकूण २० मिलीच्या आत. टोचल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायला हवं आणि चिमटा काढून बघायला हवा. इथे घाई फार होते. टाका घालताना टोचलं तर “अजून बधिर झालेलं नाही” असं स्पष्ट म्हणा. बाळ हातात आलं म्हणून टाके सोसायचेच, असा काही नियम नाही. चिमटा लावायचा असेल आणि एपिड्युरल नसेल तर आतल्या बाजूने दोन्हीकडच्या नसेला प्रत्येकी १० मिली देतात. ती भूल कधी एकाच बाजूला लागते, म्हणून तीही तपासूनच पुढे जायचं.

सीझर लागलं आणि एपिड्युरलची नळी आधीच असेल, तर तिच्यातूनच दाट औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांत भूल चढते. नळी नसेल तर पाठीत एकच इंजेक्शन देतात, ते पाच-दहा मिनिटांत काम करतं. गार स्पर्श छातीपर्यंत जाणवेनासा झाल्यावरच सुरुवात व्हावी. ओढाताण आणि दाब कळतो, टोचणारी वेदना कळू नये. कळली तर त्या क्षणी बोला. अजून औषध देता येतं, लागलं तर पूर्ण भूलही.

वेदना आवरू नका, दाखवा

काही वेदना दाबायच्या नसतात. दोन कळांच्या मधे पोट सैल न होता फळीसारखं राहणं, रक्त जाणं, आधीच्या सीझरच्या जागी सतत फाटल्यासारखं दुखणं, चालू कळा एकाएकी थांबणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, हिरवं पाणी जाणं. यातलं काही असेल तर गोळी-गॅस बाजूला ठेवून आधी तपासणी. एपिड्युरल नीट चाललेला असताना अचानक वेगळीच वेदना फुटून वर आली, तर नुसता वाढीव डोस घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा.

बाळ झाल्यावर

पिशवी पूर्ववत होताना पुन्हा कळा येतात, पाजताना जास्त, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर आणखी जास्त. आता आयबुप्रोफेन चालतं: ४०० मिलिग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, पोटात काहीतरी असताना. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा जास्त रक्तस्राव असेल तर डॉक्टरांना विचारून. त्याच्याबरोबर पॅरासिटामॉलही घेतलं तर जास्त फरक पडतो आणि दोन्ही पाजताना सुरक्षित आहेत. कोडीन असलेली गोळी मात्र पाजत्या आईने टाळावी. काही जणींच्या अंगात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि दुधातून बाळाला गुंगी येते. टाक्यांवर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, आणि लघवी तुंबू देऊ नका, कारण भरलेली पिशवी कळा वाढवते.

एपिड्युरल बंद केल्यावर पहिल्यांदा उठण्याआधी पलंगावर पडूनच एकेक पाय सरळ वर उचलून बघा. दोन्ही उचलता आले तरच, आणि कुणाला तरी धरूनच, उभ्या राहा. बंद केल्यापासून चार तासांनंतरही पाय सरळ उचलता येत नसेल तर “जाईल हळूहळू” म्हणून थांबू नका, लगेच भूलतज्ज्ञांना कळवा. बधिरपणा उतरून पुन्हा वाढू लागला, पाठीत जोराचं दुखून ताप आला किंवा लघवी होईना, तरी तसंच तातडीने जायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, अशी डोकेदुखी सुरू झाली तर ती सुईची असू शकते. भरपूर पाणी, कॉफी आणि साध्या गोळ्यांनी ती बरीच सुसह्य होते. तशी नाही झाली तर हातातून काढलेलं तुमचंच १५ ते २० मिली रक्त पाठीत त्याच जागी सोडून छिद्र बुजवतात, आणि बहुतेकींना त्याच दिवशी बसून बाळाला पाजता येतं.